सरावात उतरणारी उडी स्पर्धेत हवेतच उघडते: ‘विजेत्याची मानसिकता’ प्रशिक्षकाला शिकवता येते का?

मूळ प्रश्न: कठड्याबाहेरची

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. ती सात वर्षांपासून फिगर स्केटिंग करते आणि या मोसमात पहिल्यांदाच ज्युनिअर गटात उतरली आहे. सरावात तिची ट्रिपल सॅलकॉव्ह ही तीन फेऱ्यांची उडी दहापैकी आठ वेळा स्वच्छ उतरते, अडीच फेऱ्यांच्या डबल ॲक्सलची तर कधी चिंताच वाटली नाही. स्पर्धेत मात्र गेल्या चारपैकी तीन वेळा तिने सॅलकॉव्ह हवेतच उघडली, म्हणजे तीन फेऱ्यांऐवजी एकच फेरी घेऊन ती खाली आली, आणि त्यानंतरचा सगळा कार्यक्रम दुसरेच कोणी तिच्या कपड्यांत शिरून करत असावे असा झाला.

मागच्या स्पर्धेत तिचे नाव पुकारण्याआधी मी कठड्यापासून चारच रांगा मागे बसले होते. प्रशिक्षक तिच्याकडे वाकून बोलत होते आणि ती हातमोज्याच्या शिवणीतला एक सुटलेला दोरा ओढत होती. अर्ध्या मिनिटात त्यांनी तिला पाच गोष्टी सांगितल्या, त्या मी मोजल्या: डावा खांदा मागे धर, थ्री-टर्नमध्ये (उडीआधीच्या वळणात) घाई करू नकोस, बसक्या गिरकीत खाली बस, परीक्षकांकडे बघून हस, आणि शेवटची, ‘आज दाखवून दे’. ती मान हलवत होती, पण तिचे डोळे त्या दोऱ्यावर होते.

गुण जाहीर झाल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, की तंत्र आहे, मेहनत आहे, पण विजेत्याची मानसिकता नाही आणि ती शिकवता येत नाही, ती उपजतच असावी लागते. त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. ही मानसिकता म्हणजे नेमके काय? ती उपजत असते की घडवता येते? घडवता येत असेल तर ते काम प्रशिक्षकाचे, वेगळ्या तज्ज्ञाचे की आमचे? आणि प्रशिक्षक बदलावा का? ‘सकारात्मक विचार करा, डोळे मिटून यशाचे चित्र पाहा’ हे सल्ले आम्ही आधीच पाळून झालो आहोत, त्यामुळे ते वगळून कोणी अनुभवाचे सांगितले तर उपकार होतील.

प्रतिसाद १: जुनी कड

मी स्वतः बारा वर्षे स्पर्धा केल्या आणि त्यानंतर आजवर प्रशिक्षण देते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी ते ‘दहापैकी आठ’ तपासून पाहा. या आठ उड्या कधी मोजल्या? ताज्या पायांनी, संगीताशिवाय, मनाजोगा वेग घेऊन, एक चुकली की लगेच दुसरी, अशा मोजल्या असतील, तर त्या आकड्याचा स्पर्धेशी फारसा संबंध नाही. स्पर्धेत एकच प्रयत्न मिळतो आणि तोही दम लागलेला असताना. दोन आठवडे फक्त संगीतासह केलेल्या पूर्ण रन-थ्रूमधला, म्हणजे अथपासून इतिपर्यंत केलेल्या कार्यक्रमातला, प्रत्येक उडीचा पहिला प्रयत्न वहीत लिहा. दुरुस्त करून पुन्हा मारलेली उडी अजिबात मोजू नका. माझा अंदाज आहे, की आठाचा आकडा बराच खाली येईल आणि जिला आपण मानसिकतेची अडचण समजतो, तिच्यातला निम्मा भाग सरावाच्या रचनेचा निघेल.

दुसरे, सरावात उडी चुकल्यावर ती काय करते हे एकदा नीट पाहा. बहुतेक रिंकवर दिसणारे दृश्य असे: उडी उघडली, की मूल हात खाली सोडते, संगीत चालू असतानाच वळसा घेऊन कठड्याशी येते, पाण्याचा घोट घेते, नाक पुसते, प्रशिक्षकाचे दोन शब्द ऐकते आणि मग तीच उडी पुन्हा मारते. आठवड्यातले पाच दिवस आपण तिला चूक झाल्यावर थांबायला शिकवतो आणि सहाव्या दिवशी, स्पर्धेत, ती आतून थांबली की दोष तिच्या मनाला देतो. तुम्हाला जे ‘दुसरेच कोणी’ वाटले, ते माझ्या मते हेच आहे. चुकीनंतरच्या दहा सेकंदांचा तिचा सरावच झालेला नाही.

हा सराव करता येतो. माझ्याकडे रन-थ्रू सुरू झाला की काहीही झाले तरी तो थांबत नाही. कधी मी मध्येच हात वर करते. त्या क्षणी जिथे असेल तिथे मुलीने बर्फावर बसायचे, उठायचे आणि पुढच्या ठरलेल्या खुणेपर्यंत संगीत पकडायचे. पहिल्या आठवड्यात त्यांना हसू येते, दुसऱ्यात चिडचिड होते आणि महिन्याभरात पडणे ही कार्यक्रमातलीच एक हालचाल होऊन जाते. दुसरा प्रकार थंड पायांचा. स्पर्धेत सहा जणींचा गट सहा मिनिटे एकत्र वॉर्म-अप करतो. जिचा क्रमांक शेवटचा, तिला त्यानंतर अर्ध्या तासाच्या आसपास थांबावे लागते. हे सरावात कोण करते? आम्ही करतो: सहा मिनिटे घड्याळ लावून वॉर्म-अप, मग ब्लेडवर गार्ड चढवून बाकावर, आणि पंचवीस मिनिटांनी थेट कार्यक्रम, उडीचा एकही वेगळा प्रयत्न न करता.

आता ‘उपजत’ या शब्दाबद्दल. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये माओ असादा शॉर्ट प्रोग्रॅमनंतर, म्हणजे स्पर्धेच्या छोट्या पहिल्या भागानंतर, सोळाव्या स्थानावर होती. दुसऱ्याच दिवशी तिने फ्री स्केटमध्ये, म्हणजे मोठ्या दुसऱ्या भागात, ट्रिपल ॲक्सलसह १४२.७१ गुणांची, तिच्या कारकिर्दीतली सर्वोत्तम कामगिरी केली आणि ती सहावी आली. २०१८ मध्ये प्योंगचांगला नेथन चेन शॉर्टनंतर सतरावा होता. दुसऱ्या दिवशी त्याने सहा चौपट (चार फेऱ्यांच्या) उड्या घेतल्या, त्यांपैकी पाच स्वच्छ उतरल्या, फ्री स्केटमध्ये तो पहिला आला आणि एकूण पाचवा. मानसिकता ही जन्मजात मालमत्ता असेल, तर ती एका रात्रीत हरवते आणि सापडते कशी? हेही खरे, की दुसऱ्या दिवशी दोघांच्याही डोक्यावरून पदकाचे ओझे जवळपास उतरले होते. पण त्यावरून एवढेच दिसते, की परिस्थिती बदलली की तेच मन वेगळे वागते, आणि सरावातली परिस्थिती कशी असावी हे प्रशिक्षकाच्या हातात असते. चेनने चार वर्षांनी बीजिंग ऑलिंपिकला शॉर्ट प्रोग्रॅममध्येच ११३.९७ गुणांचा विश्वविक्रम केला आणि सुवर्णपदक घेतले.

कठड्याशी दिलेल्या त्या पाच सूचनांबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा तपशील तोच आहे. अंगवळणी पडलेली उडी तुकड्यातुकड्यांनी आठवायला लागले की ती बिघडते. हवेत एक सेकंदही मिळत नाही. तेवढ्यात खांदा आठवत बसायला वेळ कुठला? शेवटच्या क्षणी एकच शब्द द्यावा, तोही मुलीने स्वतः निवडलेला, आणि शक्यतो शरीराच्या अवयवाचा नसून लयीचा किंवा दिशेचा. माझ्या एका विद्यार्थिनीचा शब्द ‘थांब आणि वर’ असा होता. दुसरीला शब्दच नको असायचा. ती फक्त माझ्या तळहातावर तळहात दाबून निघून जायची. ‘दाखवून दे’ ही तर सूचनाच नाही. कोणाला आणि काय दाखवायचे, हे ओझे तेवढे त्यात आहे.

प्रतिसाद २: गुणपत्रिका

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. मी तांत्रिक नोंदींच्या बाजूने काम केले आहे, म्हणून हिशेबाचा एक मुद्दा जोडतो, जो मुलांना कोणी सांगत नाही असे मला नेहमी वाटते.

ट्रिपल सॅलकॉव्हचे मूळ गुण ४.३ आहेत. तीन फेऱ्या पूर्ण करून ती पडली, तर दर्जाचे गुण उणे पाचपर्यंत जातात, म्हणजे मूळ गुणांच्या निम्मे कापले जातात, आणि पडण्याचा एक गुण वेगळा जातो. तरी हातात १.१५ उरतात. उडी उघडून एकच फेरी झाली, तर मूळ गुण ०.४. म्हणजे फ्री स्केटमध्ये भीतीने उडी सोडून देणे हे पडण्यापेक्षाही महाग आहे. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये तर अट पूर्ण न करणाऱ्या उडीला काहीच मिळत नाही. उडी उघडते ती बहुधा पडू नये म्हणून, आणि पडणे म्हणजे सर्वांत वाईट असे मुलीच्या मनात बसलेले असते. तिच्याबरोबर कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब एकदा करा. एखाद्या मुलीवर धीराच्या शंभर शब्दांपेक्षा या दोन आकड्यांचा परिणाम अधिक होतो.

दुसरा हिशेब पर्यायी योजनेचा. ज्युनिअर फ्री स्केट साडेतीन मिनिटांचे असते आणि त्यात सात उड्यांच्या जागा असतात. समजा पहिल्या जागी सॅलकॉव्ह आणि तिला लगेच जोडलेली टो लूप अशी दोन उड्यांची जोडी आहे आणि पुढे एक सुटी सॅलकॉव्ह आहे. पहिल्या वेळी सॅलकॉव्ह उतरली पण टो लूप जोडता आली नाही, तर पुढची सुटी सॅलकॉव्ह ही त्याच उडीची जोडीविना पुनरावृत्ती ठरते आणि तिला मूळ गुणांच्या सत्तर टक्केच मिळतात. म्हणून राहिलेली टो लूप तिथे जोडलीच पाहिजे. पहिली सॅलकॉव्ह उघडून एकेरी झाली असेल, तर पुनरावृत्तीची अडचणच नाही, पण राहिलेली जोडी तिथेच भरून काढणे फायद्याचे. अनुभवी स्केटर चुकीनंतर शांत दिसतात, त्याचे एक कारण असे, की त्यांना काय करायचे हे आधीच ठाऊक असते. ‘पहिली गेली तर पुढे काय’ याची उत्तरे मुलीला घरी बसून, संगीत ऐकत, तोंडपाठ म्हणता आली पाहिजेत. धावत्या संगीतात हा विचार पहिल्यांदा करायला लागला, की पुढची गिरकीही हातची जाते.

प्रतिसाद ३: परखड

सगळे वाचले. पटले नाही असे नाही, पण एक बाजू कोणी मांडत नाही म्हणून मांडतो. अव्वल स्तरावर जिंकणारे लोक मऊ शब्दांत घडलेले नाहीत. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये महिलांचे सुवर्ण अलिना झागितोव्हाला आणि रौप्य एव्हगेनिया मेदवेदेव्हाला मिळाले. दोघीही एतेरी तुतबेरिद्झे यांच्या शिष्या. २०२२ ला बीजिंगमध्ये पुन्हा त्यांच्याच आना शेरबाकोव्हा आणि अलेक्झांड्रा त्रुसोव्हा पहिल्या दोन जागांवर. ही पद्धत कठोर आहे हे सर्वांना माहीत आहे आणि तिचे फळही सर्वांनी पाहिले आहे. मुलाला सतत जपत राहिले, तर दडपणाची सवय होणार कधी? प्रशिक्षकाने स्पष्ट शब्दांत उणीव सांगितली, तर त्यात मला गैर काही दिसत नाही. या मुलीचे प्रशिक्षक निदान गोड बोलून फसवत तरी नाहीत.

प्रतिसाद ४: संथ वळण

परखड, तुम्ही दिलेले निकाल खरे आहेत, पण त्याच स्पर्धेची उरलेली गोष्टही सांगायला हवी. बीजिंगला शॉर्टनंतर पहिल्या क्रमांकावर होती ती तुतबेरिद्झे यांचीच शिष्या कमिला वालिएव्हा, वय पंधरा, आणि तिच्या उत्तेजक चाचणीचा वाद ऐन स्पर्धेत पेटलेला होता. फ्री स्केटमध्ये ती पुन्हा पुन्हा पडली आणि चौथ्या स्थानावर गेली. बर्फावरून उतरताच प्रशिक्षिकेने तिला ‘लढणे का सोडलेस’ अशा अर्थाचे विचारलेले कॅमेऱ्यात आले. त्या वागणुकीबद्दल आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. पुढे २०२४ मध्ये क्रीडा लवादाने तिला चार वर्षांची बंदी घातली. रौप्य मिळवलेली त्रुसोव्हा तिथेच रडत, पुन्हा बर्फावर पाऊल ठेवणार नाही असे म्हणत होती. २०२२ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटाचे किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरापर्यंत नेले, ते उगाच नाही. ज्या पद्धतीत मुली अठरा-एकोणिसाव्या वर्षी संपतात, तिच्यात मानसिकता घडते, की मानसिकतेचा प्रश्न उद्भवण्याआधीच कारकीर्द आटोपते, हे मला ठरवता आलेले नाही.

कठोरपणाला माझा विरोध नाही. काओरी साकामोतो लहानपणापासून सोनोको नाकानो यांच्याकडे शिकली आणि नाकानो कडक म्हणूनच ओळखल्या जातात. ना चौपट उडी, ना ट्रिपल ॲक्सल, तरीही साकामोतोने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे जगज्जेतेपद मिळवले. २०२४ ला माँट्रियलमध्ये शॉर्टनंतर ती चौथी होती. फरक कडकपणा कशाबद्दल आहे यात असावा. ‘आज तू कार्यक्रम अर्धवट सोडलास, पुन्हा कर’ हे कडक बोलणे मुलीच्या कामाबद्दल आहे आणि त्यावर तिला काही करता येते. ‘तुझ्यात विजेत्याची मानसिकता नाही’ हे मुलीबद्दल आहे, आणि त्यावर चौदा वर्षांच्या मुलीने काय करायचे?

दुसऱ्या टोकाचे उदाहरण अलिसा लिऊचे. ती सोळाव्या वर्षी निवृत्त झाली, दोन वर्षांनी स्वतःहून परतली आणि २०२५ मध्ये बॉस्टनला जगज्जेती झाली. संगीत, पोशाख, सरावाचे प्रमाण यांत आता आपले म्हणणे चालते, हे तिने अनेकदा सांगितले आहे. याचा अर्थ प्रत्येकाने निवृत्त होऊन परतावे असा नाही! पण कार्यक्रम आपला आहे असे वाटणे आणि तो कोणासाठी तरी ‘दाखवून’ द्यायचा असणे, यांतला फरक तिच्या स्केटिंगमध्ये डोळ्यांना दिसतो.

जाता जाता एक. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये शांघायला वॉर्म-अपमध्ये युझुरू हान्यू आणि हान यान यांची टक्कर झाली. हान्यू डोक्याला पट्टी बांधून पुन्हा उतरला, पाच वेळा पडला आणि तरीही दुसरा आला. बऱ्याच जणांना हा विजेत्याच्या मानसिकतेचा कळस वाटतो. मला तो प्रसंग पाहताना एकच वाटत होते, की याला कोणीतरी थांबवा.

प्रतिसाद ५: जुनी कड

प्रशिक्षक बदलण्याच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. उदाहरणे दोन्ही बाजूंची सापडतात. अलेक्सेई यागुदिन १९९८ मध्ये प्रशिक्षक मिशिन यांना सोडून तारासोव्हा यांच्याकडे गेला आणि २००२ चे ऑलिंपिक सुवर्ण त्याचे झाले. मिशेल क्वानने त्याच ऑलिंपिकच्या काही महिने आधी फ्रँक कॅरोल यांच्यापासून फारकत घेतली, प्रशिक्षकाविना उतरली आणि शॉर्टनंतर पहिली असूनही कांस्यावर थांबली. सुवर्ण मिळाले ते शॉर्टनंतर चौथ्या असलेल्या सारा ह्यूजला. यावरून नियम काढू नये. मी एवढेच सुचवेन, की मोसमाच्या मध्यावर बदलू नका आणि बदलण्याआधी एक साधे बोलणे करून पाहा. ‘तुम्ही असे का म्हणालात’ अशी सुरुवात करू नका. वही घेऊन जा आणि ‘पहिल्या प्रयत्नाचा आकडा हा आहे, आपण काय करू या’ असे विचारा. जो प्रशिक्षक आकडा पाहून कुतूहलाने प्रश्न विचारतो, त्याच्याकडे राहण्यात अर्थ आहे. जो वही न उघडताच परत देतो, त्याच्याबद्दल मग तुम्हीच ठरवा.

आणि तुम्ही चौथ्या रांगेत बसू नका. रागावू नका, पण उडी उघडली की मुले सर्वांत आधी आईचा चेहरा शोधतात, हे मी कठड्याच्या आतून वर्षानुवर्षे पाहिले आहे.

मूळ लेखिका: कठड्याबाहेरची

सर्वांचे आभार, उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी वही भरायची होती. अकरा रन-थ्रूमध्ये पहिल्या प्रयत्नाला स्वच्छ उतरलेल्या ट्रिपल सॅलकॉव्ह: चार. मला धक्का बसला, मुलीला बसला नाही. ती म्हणाली, ‘मला माहीत होते, तुम्हीच आठ म्हणत होता.’

गुणपत्रिका यांचा हिशेब तिला भलताच आवडला. ‘म्हणजे पडले तरी चालेल?’ असे तिने दोनदा विचारले आणि आता पर्यायी योजनेचे तीन फाटे तिने स्वतःच कागदावर काढून कपाटाच्या दारावर चिकटवले आहेत. प्रशिक्षकांशी बोलणे सोपे गेले नाही. त्यांनी वही पाहिली, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की संगीतासह पहिला प्रयत्न वेगळा मोजावा हे आपल्याला सुचले नव्हते. मानसिकतेचे ते वाक्य त्यांनी मागे घेतले नाही आणि मीही तो विषय काढला नाही. कठड्याशी एकच शब्द बोलायचा, हे मात्र त्यांनी मान्य केले. तो शब्द कोणता, हे मुलीने मला सांगितलेले नाही.

परवाच्या रन-थ्रूला मी जिन्याजवळच्या काचेमागे उभी होते, तिथून ती मला पाहू शकत नाही. पहिलीच सॅलकॉव्ह उघडली. सवयीने ती कठड्याकडे वळली, दोन पावले आलीदेखील, तेव्हा प्रशिक्षकांनी तिच्याकडे सरळ पाठ फिरवली आणि ते आपल्या पाण्याच्या बाटलीचे झाकण लावत बसले. ती क्षणभर घुटमळली. मग उलट्या कडेवर वळली, दोन ओळी उशिरा संगीत पकडले आणि पुढच्या सॅलकॉव्हला टो लूप जोडायला गेली. सॅलकॉव्ह उतरली, टो लूपवर ती धाडकन पडली, आणि मांडीवरचा बर्फ झटकत उठताना तिच्या ओठांची हालचाल दिसली. बहुधा ती उरलेल्या उड्या मोजत होती.